डुकरांना आचारसंहिता लागू नसते: कोकणातल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कोकणातल्या सर्व जिल्ह्यांचे जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक

विषय: निवडणुकीच्या काळात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका सरसकट जमा करून घेण्याबाबत

महोदय / महोदया,

पोलीस पाटलांचा फोन येऊन गेला. "वैनी, इलेक्शन लागतला हा. बंदूक काढून ठेवा, जमा करूक लागतली."

घोषणा अजून व्हायची आहे. कुणाची बंदूक जमा करायची ते ठरवणारी छाननी समिती बसायची आहे. माझी फाईल कपाटातून बाहेरही आली नसेल. तरी बंदूक जमा होणार हे ठरलेलं आहे, कारण दर वेळी तसंच ठरतं. आदेश हातात पडल्यावर ओरडून उपयोग नसतो, तोवर मुदत उलटत आलेली असते. म्हणून यंदा आधीच लिहिते आहे, आणि चार लोकांना वाचता येईल अशा जागी लिहिते आहे.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम घालत नाही. माझी तक्रार एका खुर्चीतल्या एका माणसाशी नाही. साहेब बदलून जातात, नवे येतात, पण आदेशाच्या मजकुरात तारखेपलीकडे काही बदलत नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या नातेवाइकांकडून त्यांचा आदेश मागवून पाहिला, तोही जवळपास शब्दाला शब्द तसाच निघाला.

मी बागायतदार आहे. काजू, माड, थोडी सुपारी आणि खाली व्हाळाच्या कडेला भाताचे कुणगे. वरच्या अंगाला जंगल. मधे गडगा आहे, पण तो माणसांसाठी, जनावरं तो मानत नाहीत. बंदूक सासऱ्यांच्या नावावर होती, मग यजमानांच्या झाली, ते गेल्यावर रीतसर अर्ज करून माझ्या नावावर आली. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाच्या नावे परवाना करून देण्याची सोय आहे. ती मला नीट समजावून सांगणाऱ्या कारकूनबाईंची मी आजही आठवण काढते, कचेरीत सगळे वाईटच भेटतात असं नाही. नूतनीकरणाला गेलं की मात्र ठरलेला प्रश्न येतो, "काकू, तुम्ही स्वतः चालवता?" चालवते. रात्री राखणीला मीच जाते, मुलगा पुण्यात आहे.

ही बंदूक काय चीज आहे तेही सांगते, कारण आदेशात तिला "अग्निशस्त्र" म्हटलेलं असतं आणि तो शब्द वाचून डोळ्यांसमोर भलतंच काही येतं. एकनळी, ठासणीची. आधी नळीत दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, बसवायची. इतकं केल्यावर एक बार. दुसरा काढायचा तर सगळं पहिल्यापासून. हवा दमट असली आणि दारू सर्द झाली तर केप नुसती चट् करते आणि बार उडतच नाही. ही घेऊन मतदान केंद्र ताब्यात घेणारा कुणी निपजलाच तर त्याचा जाहीर सत्कार करायला हवा.

तिचा उपयोगही कागदावर वाटतो तेवढा रक्तरंजित नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. परवानगीशिवाय रानडुकरावरसुद्धा गोळी झाडता येत नाही, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीतला, त्याचं नावच काढू नये. आमचा बार बहुतेक वेळा आभाळात जातो. आवाज घुमला की कळप वर पळतो, माकडं बागेची कड सोडतात, आणि आसपासच्या चार बागांना त्या रात्रीपुरती झोप मिळते.

आता कायद्याकडे येते. बंदूक बाळगणं हा माझा मूलभूत हक्क आहे असं मी म्हणत नाही. अमेरिकेत तो संविधानात लिहिलेला आहे आणि तिथे राज्याराज्यांचे बंदूक कायदे त्या आधारावर रोज कोर्टात खेचले जातात. आपल्याकडे तसं नाही. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. संविधान सभेत डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी तो घालावा म्हणून दुरुस्तीही मांडली, डॉ. आंबेडकरांनी विरोध केला, सभेने ती फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात हाच फरक पुन्हा सांगितला, की इथे कायद्याने परवानगी दिली तरच शस्त्र. मला हे मान्य आहे, खरं सांगायचं तर पसंतही आहे. घरोघर पिस्तुलं असलेल्या गावात मला राहायचं नाही.

पण कायद्याने परवानगी दिली तरच, हा नियम दोन्हीकडून लागू होतो. ज्याला कायद्याने दिली त्याच्याकडून ती काढून घ्यायची तर कायद्यानेच काढून घ्यावी लागते.

शस्त्र अधिनियम 1959 चं कलम 13 पाहा. शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख त्यात नाव घेऊन केलेला आहे. ठासणीची पुरेशी पडत नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येईल, इथपर्यंत कायदा बनवणाऱ्यांनी विचार केला होता. म्हणजे शेतकऱ्याची बंदूक ही कुणी मेहरबानी म्हणून नजरेआड केलेली वस्तू नाही, संसदेने तिची गरज ओळखलेली आहे. परवाना निलंबित किंवा रद्द कसा करायचा ते कलम 17 मध्ये आहे. सार्वजनिक शांततेसाठी करता येतो, जरूर करावा, पण कारणं लेखी नोंदवायची. त्यावर कलम 18 खाली अपील आहे. "सर्व परवानाधारकांनी आपली शस्त्रे नजीकच्या पोलीस ठाण्यात जमा करावीत" या एका ओळीत यातलं काय आहे? कारण नाही, नोंद नाही, अपील कशावर करायचं तेही नाही. परवाना माझ्या कपाटात आणि बंदूक तुमच्या कोठडीत, याला निलंबन नाही तर काय म्हणायचं?

हे मी माझ्या मनाने बोलत नाही. आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2009 साली हा प्रश्न निकाली काढला आहे. उत्तर गोव्यातल्या परवानाधारकांनी अशाच आदेशाला आव्हान दिलं होतं. न्यायालयाने सरसकट जमा करण्याऐवजी पद्धत घालून दिली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असेल. निवडणूक जाहीर झाल्या दिवसापासून ती कामाला लागेल. एकेका परवानाधारकाची छाननी होईल. ज्याची बंदूक जमा करणं गरजेचं वाटेल त्याला त्याच्या नावाची नोटीस जाईल, तीही उमेदवारी मागे घेण्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांत त्याने बंदूक द्यायची, तिची रीतसर पावती घ्यायची, आणि निकालानंतर एक आठवडा झाला की ती त्याला लगेच परत मिळायची.

निवडणूक आयोगाने ही पद्धत स्वीकारून आपल्या सूचनांत घातली. तपासायची माणसं कोणती याची उदाहरणंही आयोगाने दिली आहेत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत, सापडलेले. यादी एवढ्यावर संपत नाही हे मला कळतं. पण ती वाचून कुणालाही समजेल की शोध धोक्याच्या माणसाचा घ्यायचा आहे, नुसता परवाना असलेल्या माणसाचा नाही. मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, अलाहाबाद उच्च न्यायालयानेही सरसकट जमा करायला लावू नका, कारण असेल तर ते नोंदवा, असं उत्तर प्रदेशाच्या प्रशासनाला बजावलं.

तर माझी पहिली तक्रार ही, की निकाल आपल्या उच्च न्यायालयाचा, सूचना आयोगाची, आणि तरी आमच्याकडे छाननी होते ती उलट्या क्रमाने. आधी सगळ्यांची बंदूक जमा, आणि मग ज्याला हवी असेल त्याने सूट मागायला अर्ज करायचा. पटावरच्या सगळ्या पोरांना नापास करून मग पेपर तपासायला घ्यावेत, तसा हा कारभार. आणि सूट कुणाला मिळते? बँकेच्या रखवालदाराला, नेमबाजी संघटनेच्या खेळाडूला. बरोबर आहे, मिळायलाच हवी. पण रात्री एकट्याने बाग राखणाऱ्या माणसाचं कारण त्यापेक्षा हलकं कसं ठरतं, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

दुसरी तक्रार वेळेची आहे, आणि यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण कचेरीत बसून निवडणुकीचं वेळापत्रक दिसतं, पिकाचं दिसत नाही.

2024 ची लोकसभा 16 मार्चला जाहीर झाली. रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गचं मतदान 7 मे रोजी उरकलं. निकाल 4 जूनला. म्हणजे आमच्याकडे शाई वाळली तरी बंदुका महिनाभर ठाण्यातच, का तर देशात इतरत्र मतदान चालू आहे. काजूचा हंगाम नेमका याच दिवसांत असतो. बोंडू पिकून खाली पडायला लागला की डुकरं आणि साळिंदरं रात्री झाडाखाली, आणि दिवसा माकडं झाडावर. माकड एक बोंडू खाऊन थांबत नाही. तोडतं, एक चावा घेतं, टाकतं, दुसरा तोडतं. कच्ची बी त्यातच जाते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. जमावबंदीचा म्हणून जो आदेश काढला जातो, पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 144, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163, तो दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ चालत नाही. पुढे वाढवायचा तर राज्य सरकारने अधिसूचना काढावी लागते. 16 मार्चपासून 4 जून आणि वर एक आठवडा, हे दोन महिन्यांत कसं बसतं? मधल्या काळात कुठल्या अधिसूचनेच्या जोरावर बंदुका ठाण्यात होत्या, हे विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, वरून आदेश आहे." तो वरचा आदेश पाहायला मिळाला नाही.

मग त्याच वर्षीची विधानसभा. 15 ऑक्टोबरला जाहीर. भात तेव्हा पोटरीतून बाहेर येऊन पिवळं पडत होतं. बंदूक जमा करून आले आणि पुढल्या काही रात्रींतच कळप उतरला. रानडुक्कर भात गुरासारखं चरत नाही. ते त्यात लोळतं. सकाळी कुणग्यात उतरले तर मधोमध मोठं चटईसारखं आडवं झालेलं, लोंब्या चिखलात दाबलेल्या, काही नुसत्या चघळून थुंकलेल्या. बांध नांगरानं फोडावा तसा उकरलेला, आतली मुळं आणि गांडुळं खायला. बांध फुटल्यावर वरच्या कुणग्यातलं पाणी खालच्यात आलं आणि जे उभं होतं तेही भिजलं. शेजारचा गडी बांधावर उभा राहून म्हणाला, "वैनी, डुकरांका आचारसंहिता लागू नाय काय ओ?" हसायची वेळ नव्हती, पण हसले. बॅटरी, डबे, सुतळी बॉम्ब सगळं करून पाहिलं. सुतळी बॉम्बला कळप पहिल्या रात्री बुजतो. पुढे सरावतो. बंदुकीच्या बाराला का सरावत नाही, ते डुकरांनाच विचारावं लागेल.

भरपाईचं मला सांगू नका. वनखात्याचा माणूस येतो, पंचनामा करतो, चांगला वागतो. पण आडव्या झालेल्या भाताचं मोजमाप आणि घरात न आलेल्या भाताची किंमत यांचा मेळ बसत नाही. शिवाय माझी मागणी भरपाईची नाहीच आहे.

2025 च्या डिसेंबरात नगरपालिका-नगरपंचायतींचं मतदान झालं. आमचं गाव कुठल्याच हद्दीत नाही. आम्हाला मत नव्हतं, उमेदवार नव्हता, प्रचाराची गाडीसुद्धा फिरकली नाही. बंदूक मात्र मागवली. आणि त्या वेळी मतमोजणी 3 डिसेंबरची 21 डिसेंबरवर गेली, तेवढा मुक्काम आपोआप वाढला. त्यामागोमाग जिल्हा परिषद. लोकसभा, विधानसभा, नगरपंचायत, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, मधेच कुठे पोटनिवडणूक. प्रत्येक वेळी बंदूक जाणार असेल तर परवाना कशासाठी आहे?

इथेच माझी तिसरी तक्रार येते, ती एका पळवाटेची. 2009 चा निकाल दाखवला की सांगतात, तो लोकसभा-विधानसभेचा, भारत निवडणूक आयोगाचा. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे. आयोग दोन आहेत हे खरं. पण शस्त्र अधिनियम एकच आहे ना? माझ्या बंदुकीपासून लोकसभेला धोका आहे की नाही हे तपासून ठरवायचं, आणि पंचायत समितीला धोका आहे हे मात्र न तपासता, असा अर्थ त्या निकालातून कसा काढायचा? मला तर वाचून असं दिसतं की न्यायालयाने आधी विचार करा, मग जमा करा, एवढंच सांगितलं आहे, आणि विचार करायला कुठल्याही निवडणुकीत मनाई नाही.

चौथी तक्रार ठाण्यातल्या मुक्कामाची. ठासणीची बंदूक नाजूक नसते, पण तिला हात लागावा लागतो. बार काढल्यावर नळीत जी काजळी राहते ती कोकणच्या हवेत ओल धरते आणि लोखंड खाते. गरम पाण्याने धुवायची, पूर्ण वाळवायची, तेलाचं फडकं गजाला गुंडाळून आतून फिरवायचं, आणि हे पावसाळ्यात वरचेवर करायचं. ठाण्यात हे कोण करणार? त्या पोलिसांचं ते कामही नाही. मुद्देमालाच्या खोलीत, पकडलेल्या गावठी दारूच्या कॅनपलीकडे, भिंतीला टेकून सगळ्या बंदुका एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीच्या चापाला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर बॉलपेनने नाव, ओलीने शाई फुटलेली. माझी परत आली तेव्हा घोडा अडकत होता आणि दस्त्याला चीर गेलेली होती. मी तसं पावतीवर लिहून मागितलं, तर "असं लिहायची पद्धत नाही" म्हणाले. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि तारीख, एवढंच. जमा करताना कशी होती, देताना कशी दिली, याची नोंद कुठेच नाही. दुरुस्तीला आता परवानाधारक कारागीर शोधायला किती लांब जावं लागतं ते आपल्याला माहीत असेलच.

आणि शेवटची, जिच्याबद्दल शेतकरी उघड बोलत नाहीत. राखणीची बंदूक गेली की जंगलाच्या कडेला फासकी दिसायला लागतात. गाडीच्या क्लचवायरची, डुकराच्या वाटेवर लावलेली. लावणारा कोण ते गावात सगळ्यांना माहीत असतं आणि कुणालाच माहीत नसतं. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यातला फरक कळत नाही. कोकणात फासकीत अडकलेल्या बिबट्यांच्या बातम्या आपणही वाचत असाल. ज्याच्याकडे नोंदलेली, नंबराची, वर्षानुवर्षं पोलिसांच्या रजिस्टरात असलेली बंदूक आहे त्याचे हात बांधायचे आणि ज्याच्याकडे बिनपरवान्याची वायर किंवा गावठी कट्टा आहे त्याला आदेश लागूच होत नाही, याने कुणाची सुरक्षा वाढते?

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. निवडणूक लागली की आपल्याला झोप नसते. जिल्ह्यात परवाने पुष्कळ, पोलीस ठाण्यांकडून अहवाल वेळेत येत नाहीत, एखाद्याला सूट दिली आणि त्याच्याच बंदुकीतून काही घडलं तर चौकशी आपली. सगळ्यांच्या जमा केल्या की प्रश्नच मिटला. शांततेत निवडणुका व्हाव्यात हे मलाही हवं आहे, आमच्या गावात ग्रामपंचायतीला डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. काठ्यांनी फुटली होती, पण ते असो. उद्या छाननीत माझ्या नावापुढे लेखी कारण आलं तर मी दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन हजर होईन. पण काम जास्त आहे हे कायदा न पाळण्याचं कारण होत नाही. नोटीस आल्यावर बंदूक न दिल्यास माझ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली गुन्हा लागू शकतो. माझ्याकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा असेल तर मलाही तेवढीच करू द्या. आणि यादी तयार करायला निवडणुकीची वाट कशाला पाहायची? परवान्याच्या नूतनीकरणाला दर वेळी पोलीस अहवाल जातोच. ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, जो कुठल्या पक्षाचा पदाधिकारी नाही, ज्याचा परवाना शेतीसंरक्षणाचा आणि बंदूक ठासणीची, अशांची वेगळी यादी एकदा काढून ठेवली तर प्रत्येक निवडणुकीला तिच्यातली चार नावं इकडेतिकडे करावी लागतील, एवढंच.

कर्नाटकात कोडगू (कूर्ग) जिल्ह्यातल्या कोडव लोकांना तर परवान्यातूनच सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून. एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने तिला आव्हान दिलं, कर्नाटक उच्च न्यायालयाने 2021 मध्ये ती सूट कायम ठेवली. आम्ही तेवढं मागत नाही. परवाना घेतो, शुल्क भरतो, तपासणीला बंदूक खांद्यावर घालून येतो.

मागण्या अशा.

पुढच्या कुठल्याही निवडणुकीत, मग ती कुठल्याही आयोगाची असो, "सर्व परवानाधारक" असा आदेश निघू नये. ज्याची बंदूक हवी त्याला त्याच्या नावाची, कारण लिहिलेली नोटीस द्यावी. फलकावरचा कागद किंवा पोलीस पाटलांचा फोन म्हणजे नोटीस नाही.

शेतीसंरक्षणाच्या परवान्यांची छाननी समितीने वेगळी आणि आधी करावी. गुन्ह्याची नोंद नसलेल्यांना जमा करण्यातून वगळावं, आणि बंदूक बागेच्या हद्दीबाहेर नेणार नाही असं हमीपत्र हवं असेल तर ते घ्यावं. आम्ही आनंदाने देऊ.

नगरपंचायतीच्या निवडणुकीसाठी हद्दीबाहेरच्या गावांना हात लावू नये.

जमा केलेल्या बंदुकीची स्थिती पावतीवर लिहावी, ती कोरड्या जागी ठेवावी, आणि निकालानंतर आठवड्याने परत द्यावी. त्यासाठी "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या" होऊ नये. नुकसान झालं तर दुरुस्तीचा खर्च द्यावा.

मागच्या निवडणुकांत छाननी समितीच्या बैठका कधी झाल्या, किती परवाने तपासले, किती बंदुका कुठल्या कारणाने जमा केल्या, हे जाहीर करावं. माहितीच्या अधिकारात अर्ज केलेला आहे, उत्तराची वाट पाहते आहे. हे पत्र वाचून कुणी आपणहून सांगितलं तर बरं होईल.

यातलं काही झालं नाही तर आम्ही कोर्टात जाणार आहोत. धमकी म्हणून नाही, आधी कळवलेलं बरं म्हणून सांगते. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याच्याकडे आहेत. पूर्वी मुंबईची वाट म्हटली की शेतकरी गप्प बसायचा, आता घाट चढला की कोर्ट. याचिकेचा मसुदा वकिलांकडे तयार आहे. त्यात नवीन काही मागितलेलं नाही, 2009 मध्ये जे सांगितलं गेलं ते पाळायला लावा, एवढीच प्रार्थना आहे. सरसकट आदेश निघाला की त्याची प्रत जोडून दुसऱ्या दिवशी ती दाखल होईल.

आणि हे पत्र वाचणाऱ्या परवानाधारकांना. मागच्या निवडणुकांच्या पावत्या फेकू नका. आदेश व्हॉट्सॲपवर आला असेल तर तो जपून ठेवा, फलकावर लागला असेल तर तारीख दिसेल असा फोटो काढा. बंदूक देण्याआधी चारी बाजूंनी फोटो घ्या, नळीचा, घोड्याचा, दस्त्याचा. लेखी नोटीस मागा, नाही दिली तर तसं अर्जावर लिहून पोच घ्या. बंदूक मात्र अडवून धरू नका आणि ठाण्यात कुणाशी हुज्जत घालू नका. याचिकेत ज्यांना नाव घालायचं आहे त्यांनी परवान्याची झेरॉक्स, सातबारा आणि पावत्या घेऊन आपल्या गावच्या विकास सोसायटीत द्याव्यात. शेवटी एकत्र करून त्या वकिलांकडे जातील.

आपली,
शेतीसंरक्षण परवानाधारक एक बागायतदार